मागची भिंत पांढरी होती

६ मार्च रोजी फोटो स्टुडिओच्या मालकांनी ११,८५० रुपयांना संगणकाच्या पडद्याचे रंग मोजायचे यंत्र आणले, आणि निम्मी रक्कम रंगभाऊच्या पगारातून थोडी थोडी कापली जाईल, असे तोंडावर सांगितले. रंगभाऊने मान डोलावली. चूक त्याचीच होती.

फोटो दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, कातडीचा रंग सारखा करायचा, डोळे उजळायचे. त्याच्या हाताखालून गेलेला माणूस आरशापुढे जायला घाबरतो, अशी गल्लीत थट्टा होती. पण त्याचा पडदा म्हातारा होत पिवळट पडत गेला होता. रोज शेजारी बसणाऱ्याचे केस पिकताना दिसत नाहीत, तसे त्यालाही ते दिसले नाही. पडद्यावर दिसणारा पिवळा तो फोटोतून काढत राहिला आणि कागदावर माणसे निळसर उतरत गेली. शेवटी एका शाळेचा अख्खा अल्बम परत आला. "आमची पोरं काय बर्फाच्या लादीवर ठेवली होती का?" असे मुख्याध्यापिकेने विचारले, तेव्हा मालकांचा पारा चढला.

यंत्र पालथ्या वाटीएवढे होते. ते काचेवर टेकवले की त्याच्याखाली एकेक रंग उमटे. पडदा कुठल्या रंगात किती खोटे बोलतो, हे ते मोजून टिपून ठेवी. त्या टिपणाला प्रोफाइल म्हणायचे. ते चढवले की संगणक तेवढी चूक वजा करूनच रंग दाखवी.

"म्हणजे पडद्याला चष्मा लावला म्हणा की," घरी बायको म्हणाली.

"तसंच समज."

"आणि तुमच्या नाकावर कधी चढणार?"

या चष्म्याला एकच खोड होती. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की कधी कधी प्रोफाइल आपोआप उतरे आणि पडदा पुन्हा पिवळा. तसे झाले की रंगभाऊ "गेला चष्मा" असे पुटपुटत ते पुन्हा चढवी.

एप्रिलमध्ये परदेशातल्या मुलीकडे जायचे ठरले. बायकोचा व्हिसा काढायचा होता. फोटो रंगभाऊनेच काढला, स्टुडिओतल्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी करून. ती सारखी दंड खाजवत होती.

"अहो, आटपा लवकर. अंगाला नुसती आग लागलीय खाजेची."

"साबण बदल."

"बदलून बदलून दुकान संपलं. हलू नको म्हणता आणि बोलायला लावता!"

फोटो पडद्यावर उघडला तर चेहरा पिवळा. "गेला चष्मा," तो म्हणाला. बाहेर गिऱ्हाईक खोळंबले होते, म्हणून प्रोफाइल तपासायला तो थांबला नाही. हाताला वळण होतेच. त्याने चेहऱ्याचा पिवळा रंग खाली ओढला, डोळ्यांचा पांढरा भाग ब्रशने स्वच्छ केला. फोटो इतका छान आला की त्याने एक मोठी प्रत घरच्या कपाटावरही ठेवली.

पुढच्या आठवड्यात मेव्हणी आली. दारातूनच म्हणाली, "ताई, पिवळी दिसतेस गं! भाऊजी, डॉक्टरला दाखवलं का हिला?"

"बल्ब पिवळा आहे आमचा."

"मग त्याच बल्बाखाली तुम्ही का नाही पिवळे?"

रंगभाऊने कपाटावरचा फोटो तिच्या हातात दिला. "हा बघ, परवाचा. कुठं आहे पिवळं? रंगाचं तू मला शिकवू नकोस. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. तूच तपासून घे."

"जाऊ दे गं," बायको हसून म्हणाली. "रंगातले मोठे डॉक्टर घरातच बसलेत, दुसरा कशाला हवा?"

मेव्हणीने फोटो जागेवर ठेवला आणि विषय सोडला.

मे संपता संपता बायकोचे जेवण सुटले. डॉक्टरांनी तिला खिडकीशी नेऊन पापणी खाली ओढली. "हे पिवळेपण कधीपासून?" तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याच्या तोंडून निघाले, "नव्हतं आधी. फोटो आहे माझ्याकडे."

तपासण्या झाल्या. पित्ताच्या नळीशी गाठ होती आणि ती पसरली होती. थोडी आधी सापडली असती तर काढायचा प्रयत्न तरी केला असता, आता त्यात अर्थ नाही, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रंगभाऊने मूळ फोटो उघडला. चेहरा पिवळा होता, डोळे पिवळे होते. मागची भिंत पांढरी होती. पडदा बिघडला असता तर भिंतही पिवळी दिसली असती. आधी पांढरे बघावे, मग चेहऱ्याला हात लावावा, हा या धंद्यातला पहिला धडा. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला त्याने तोच दिला होता. त्या दिवशी चष्मा जागेवरच होता.

हॉस्पिटलात खाटेशेजारी बसून त्याने तिला ते सांगितले. खाली मान घालून म्हणाला, "पिवळेपण मीच पुसलं."

तिने विचारले, "डोळ्यांतलंही?"

"डोळ्यांतलंही."

"तरीच म्हटलं, त्या फोटोत मी एवढी बरी कशी दिसते." आणि तिने कूस बदलली.

व्हिसा लागलेला पासपोर्ट टपालाने आला तेव्हा ती हॉस्पिटलातच होती. ऑगस्टमध्ये ती गेली. कपाटावरचा फोटो रंगभाऊने मेव्हणीला देऊ केला. तिने घेतला नाही.

आता रोज काम सुरू करण्यापूर्वी तो तिचा मूळ फोटो उघडतो. एकदा मालकांनी मागून पाहिले. "अरे, फार पिवळं दिसतंय. प्रोफाइल उतरलं का बघ."

"नाही उतरलं. भिंत बघा," रंगभाऊ म्हणाला. "ही पिवळी आणि भिंत पांढरी दिसली की पडदा बरोबर."

मालक गल्ल्याकडे गेले. यंत्राच्या निम्म्या किमतीपैकी ४२५ रुपये रंगभाऊकडून अजून यायचे आहेत.