हुंकारूला होकार म्हटलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. शुभदाला तर नाहीच. शुभदा म्हणजे माझी बायको. मनातलं बोलावं असं तिच्याशिवाय दुसरं माणूस मला आयुष्यात मिळालं नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

कुठून सुरुवात करू? तसं पाहिलं तर गोष्ट एका शब्दाची. एका दुपारी मी एक शब्द बोललो आणि तो खोटा होता. पण एवढंच सांगून थांबलो तर तुम्ही म्हणाल, अहो, नवरा-बायकोत एवढं तेवढं चालायचंच. नाही — थोडं मागून येऊ द्या.

आमचं घराणं मराठ्यांच्या अमदानीपासून रायपुरात. माझा जन्म ब्राह्मणपाऱ्यातला; पारा म्हणजे मोहल्ला. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी, असं तिन्ही एकदमच तोंडात आलं. शुभदा सातारची. नवी नवरी होती तेव्हा माझं 'मले-तुले' ऐकून तिला हसू आवरायचं नाही. तुम्ही वाचताय ते हे बऱ्यापैकी सरळ मराठी तिनंच मला लिहायला शिकवलं. मी तिच्या हिंदीला हसायचो, फिट्टंफाट. छत्तीसगढी मात्र तिला आली नाही ती नाहीच. भाजीवाली 'हव दीदी' म्हणाली की ती 'हो' म्हणाली, एवढं तिला कळे. पुढचं सगळं माझ्याकडे वळून विचारायची. मी सांगायचो. मला ते आवडायचं, का नाही आवडणार?

मी हिंदी वर्तमानपत्रात होतो. वीज, कोळसा, खाणी, शहराजवळच्या सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने, हे माझं बातमीचं शेत. नोकरी संपल्यावर शंकर नगरात दोन खोल्या घेऊन एक लहानसा मंच काढला. राज्याच्या ऊर्जा धोरणाचा नवा मसुदा यायचा होता. कोळशावर किती वर्षं जगायचं, उन्हाची वीज किती, जमीन कुणाची जाणार, यावर एकमेकांचं तोंड न पाहणारे नेते एका टेबलाशी बसवायचे, असा माझा मनसुबा. मी निमंत्रणपत्रं छापली, बॅनर केले, शाल-श्रीफळं आणली. सत्तेतले आले की विरोधक यायचे नाहीत. कारखानदार आले की खाणीला विरोध करणारे बाहेर उभे राहून घोषणा द्यायचे. एकदा तर सभागृहात मी आणि माइकवाला असे दोघंच उरलो. त्यानं मला विचारलं, भैया, बंद कर दूँ?

शुभदा कॉलेजातून निवृत्त झाली आणि घरी बसून काय करायचं म्हणून ऑफिसात यायला लागली. काही दिवस नुसती बघत होती. मग एक दिवस म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना बोलावता. पण त्यांच्याकडे कधी जाता का?"

मग ती गेली. एकेकाच्या घरी. शाल नाही, पत्र नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची — समोरच्याचं कोणतं म्हणणं तुम्हाला थोडंतरी पटतं? जे उत्तर मिळे ते घेऊन त्या समोरच्याकडे जायची. विरोधी पक्षाच्या माजी मंत्र्यांना सत्ताधारी आमदाराचं काय पटतं ते आमदाराला सांगायची. सिलतऱ्याच्या कारखानदारांचे पुढारी, ज्यांना सगळे सेठजी म्हणत, त्यांना कळलं की खाणीविरुद्ध लढणाऱ्यांनाही त्यांच्या कामगारांची काळजी आहे. सेठजींनी म्हणे तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

इतकं सोपं होतं? — मी स्वतःला विचारायचो. आणि सोपं होतं तर मला का सुचलं नाही?

ऑफिसचा फोन वाजायचा, मी उचलायचो, पलीकडून विचारायचे, दीदी हैं क्या? कार्यक्रमात ओळख करून द्यायचे — ये दीदी के मिस्टर हैं. मी हसायचो. बायकोचं कौतुक होत असताना माणसाने हसायचंच असतं. आतून मात्र मिरच्या झोंबायच्या. दोन-तीनदा तिच्यासाठी आलेले निरोप द्यायला मी विसरलो. विसरलो? नाही. निरोप लक्षात होते, मी दिले नाहीत.

आणि मग बिसाहू बबा आले.

बिसाहू बबा उत्तरेकडच्या कोळसापट्ट्यातले म्हातारे पुढारी. एकदा आमदारकी करून झालेली. आता तिथली गावं नव्या खाणीविरुद्ध एकत्र झाली होती आणि त्यांच्या समितीचे हे प्रमुख. हिंदी येत असून बोलायचे नाहीत. राज्य आपलं तर भाषाही आपलीच, असा हट्ट. तर हे बबा माझे होते. माझ्या वार्ताहरकीतली ओळख, त्यांच्या खाटेवर बसून मी कितीदा चहा प्यायलेला. मी बोलावलं तेव्हा दर वेळी त्यांनी काहीतरी कारण काढलं. शुभदा मला घेऊन त्यांच्या गावी गेली. ती हिंदीत विचारे, ते छत्तीसगढीत उत्तर देत, मी मधे बसून मराठी करायचो. दोघं एकमेकांकडे बघून हसत होती. मी म्हणजे नुसता नळ. पाणी त्यांचं. निघताना बबा म्हणाले, बाई बोलावते तर येतो.

माझ्यासाठी नाही. बाईसाठी. गाडी चालवत परत येताना मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिला वाटलं मी दमलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहानपणी आमच्या पाऱ्यात एक शिंपी होता. संध्याकाळी मशीन बंद केली की पोरांना कहाणी सांगायचा. पण अट एकच, कुणीतरी 'हुंकारू' द्यायचा. म्हणजे त्यानं एक वाक्य सांगितलं की ऐकणाऱ्यानं 'हव' म्हणायचं. राजा वनात गेला — हव. वाघ दिसला — हव. हव थांबलं की कहाणी थांबली. त्या हवचा अर्थ 'हो, मला पटलं' असा नव्हे. जागा आहे, ऐकतो आहे, सांग पुढं, एवढाच. बाजारातलं हव म्हणजे होकार. कहाणीतलं हव म्हणजे हुंकारू. इथं जन्मलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. शुभदाला बाजारातलं हव तेवढं ठाऊक होतं, आणि तिला ते एवढंच ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं.

बैठकीच्या दिवशी सगळे आले. खरंच सगळे. मंच नाही, माइक नाही, एकच लांब टेबल. दुपारपर्यंत भांडले, मग जेवले, मग भांडण जरा मऊ झालं. शेवटी शुभदानं सगळ्यांच्या बोलण्यातून एक मार्ग काढला आणि हिंदीत मुद्दा-मुद्दा करून सांगायला लागली. नवी खाण नको. त्याऐवजी गावांच्या गायरानावर सौर पॅनेल. ती वीज सिलतऱ्याच्या कारखान्यांना. गावांना त्यातला वाटा.

एकेका मुद्द्याला बिसाहू बबा डोळे मिटून म्हणत होते — हव. हव. हव.

मी त्यांच्याकडे बघत होतो. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची जागा. तिचा शब्द एकटा पुढारी देईल? गावाला विचारल्याशिवाय? ते ऐकत होते. अगदी मन लावून, लहान मुलासारखे ऐकत होते.

शुभदा माझ्याकडे झुकली. मराठीत, हळूच विचारलं, "सगळ्याला हो आहे ना त्यांचं?"

मी 'हं' केलं.

इतकी वर्षं मी मनाशी हेच म्हणत आलो. नुसतं हं केलं. हं म्हणजे काय, काहीच नाही. हं हाही हुंकारूच. — बघा, तुमच्यासमोरसुद्धा तेच करायला निघालो होतो. नाही. मी हं केलं नाही. मी म्हणालो, "हो. सगळ्याले हो म्हणून राहिले." आणि मानही हलवली.

का म्हणालो? त्या क्षणी भाषा मी विसरलो नव्हतो. घाई नव्हती, गोंधळ नव्हता. टेबलाभोवती ते सगळे तिच्याकडे बघत होते. सेठजी, माजी मंत्री, सगळे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मला ते टेबल मोडलेलं बघायचं होतं. ते मोडायला मला हात लावायची गरज नव्हती, एक 'हो' पुरेसा होता.

बाकीच्यांना कळलं नसेल का? सेठजी इथलेच, आमदार इथलेच. कळलंच असेल. पण त्यांना तो अर्थ सोयीचा होता. आणि त्यांच्यावर तिनं भरवसा कुठं टाकला होता? भरवसा माझ्यावर होता.

बबांना लांब जायचं होतं, ते लवकर निघाले. जाताना मला म्हणाले, गावात विचारून सांगतो. हेही मी तिला सांगितलं नाही. बाहेर पत्रकार थांबले होते, त्यातले निम्मे माझे जुने सोबती. शुभदानं त्यांना सांगितलं की सर्वांची सहमती झाली, गावांचीसुद्धा. मी तिच्या शेजारी उभा होतो. कुणीतरी मलाही विचारलं, भैया, बबा मान गए? मी शुभदाकडे हात केला. दीदींना विचारा, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी छापून आलं. बबांच्या गावात लोक त्यांच्या दारात जमले — गायरान विकून आला म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर जमिनीसाठी भांडण केलं त्याला भर चौकात, मी शब्द दिला नाही, अशी शपथ घ्यावी लागली. तरी सगळ्यांनी मानलं नाही. समितीचं प्रमुखपद गेलं. इकडे बाकीचे नेते म्हणाले, बाईंनी आम्हाला फसवलं. त्या टेबलाशी पुन्हा कुणी बसलं नाही. धोरण पुढं झालं म्हणे. कुठल्या खोलीत झालं ते मला माहीत नाही.

शुभदा रडली. स्वयंपाकघरात, पाठमोरी, ओट्याला धरून. मी दारात उभा होतो. मला वाईट वाटलं असं लिहावंसं वाटतंय. वाटलंही — पण नंतर. आधी मला बरं वाटलं. त्या दिवशी मी नीट जेवलो.

जो भेटेल त्याला ती सांगत होती, चूक माझी, इतकी वर्षं इथं राहून मी इथली भाषा शिकले नाही. कुणी म्हणालं, पण तुमचे मिस्टर तर होते ना शेजारी? ती म्हणाली, त्यांना कशाला मधे आणता, त्यांचीही ऐकण्यात चूक झाली असेल. माझी छत्तीसगढी कच्ची, असं लोकांना वाटलेलं मी चालू दिलं. माझी! — आणि तेवढ्या अपमानावर मी स्वस्तात सुटलो.

मग ती म्हणाली, बबांची माफी मागायला जायचं. मी दोन-तीनदा टाळलं, शेवटी गेलो. अंगणात खाटेवर एकटेच बसले होते. पूर्वी त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. शुभदा त्यांच्या पाया पडली आणि अडखळत हिंदीत म्हणाली की दोष सगळा तिचा आहे. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खरं तर काही शोधत असल्यासारखं.

"हुंकारू ल तैं नइ चिन्हे, बाबू?"

हुंकारू तुला ओळखता आला नाही? — एवढंच विचारलं त्यांनी.

शुभदानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "काय म्हणाले?"

"चाय घेऊन जा म्हणून राहिले," मी म्हणालो.

त्यातला 'चाय' बबांना कळला. मग घरात आवाज देऊन त्यांनी खरोखरच चहा सांगितला. शुभदा मला हळूच म्हणाली, केवढं मोठं मन आहे हो यांचं. चहा आला. मी बबांसमोर बसून तो सगळा प्यायलो.