साहेबांचा बाण

...तर साहेबांनी तिची टिंबं खोडली आणि तिथं बाण काढला. इथंच काल मला डुलकी लागली ना? काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचंही सांगतो.

ही माझी थोरली नात. घरात तिला मुंगी म्हणतात. अंगानं एवढीशी, पण चावली की सोडत नाही. लहानपणी आतेभावानं तिचं चित्र फाडलं. रडली नाही, कुणाकडे चुगली केली नाही. तो सहलीला निघाला त्या दिवशी मात्र त्याच्या पँटचे सगळे खिसे आतून शिवलेले निघाले. गोट्या, रुमाल, खाऊ, सगळं हातात धरून गडी दिवसभर हिंडला. झोपाळ्यावर बसायचीसुद्धा पंचाईत!

आता ही मुंगी एका कंपनीत कॉम्प्युटरची भाषा बनवते. शीतगृहं चालवायची भाषा. आपण लिहायचं, यंत्रानं ऐकायचं. त्या भाषेला नवी नवी चिन्हं लागतात, त्यांना म्हणे ऑपरेटर म्हणतात. मला वाटलं, ऑपरेटर म्हणजे स्टुलावर बसलेला माणूस. आमच्या शाळेत चिन्हं चारच, त्यातल्या भागाकाराला आम्ही दुरूनच नमस्कार करायचो.

‘हा आकडा या खान्यात भर’ असं यंत्राला सांगायला मुंगीनं दोन टिंबं आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा निवडल्या होत्या. पण साहेबांना भाषेवर स्वतःचा शिक्का हवा होता. त्यांनी बाण आणला: ‘पेक्षा कमी’चं चिन्ह आणि त्याला चिकटून वजाचं. असा: <-

मुंगी म्हणाली, "साहेब, शून्याखालचा आकडा आला की घोळ होईल. ‘उणे अमुकपेक्षा कमी’ असं लिहिलं, तरी यंत्र बाणच समजेल."

"तुम्ही म्हणजे ना, नुसता कीस काढता!" साहेब म्हणाले. सगळी खोली हसली. थोड्याच दिवसांत भाषेची पुस्तिका छापून आली. भाषा पोरीनं रक्त आटवून केलेली, आणि नाव एकट्या साहेबांचं.

त्या संध्याकाळी ती पुस्तिका ताटाशेजारी ठेवूनच जेवली.

"चिडलीस का गं?" मी विचारलं.

"छे हो, आजोबा. बाण सुरेख आहे."

मला एकदम ते शिवलेले खिसे आठवले.

मग तिनं केलं काय? काहीच नाही! स्वतः लिहिताना दोन चिन्हांमध्ये जागा सोडायची, म्हणजे यंत्राला तो बाण वाटायचा नाही. आणि मालक मंडळींना भाषा दाखवायचा दिवस ठरला, तेव्हा साहेबांना गोड आवाजात म्हणाली, "साहेब, त्या दिवशी तुम्हीच टाइप करा. तुमच्या हातूनच शोभतं ते." साहेब फुगले.

मालक आले. समोर बर्फाचं कपाट, आत आइस्क्रीम. साहेबांनी ऐटीत टाइप केलं: ‘जर थंडी<-५, तर मोटर बंद’. त्यांच्या मनात होतं, थंडी उणे पाचाच्या खाली गेली की मोटरनं थांबावं. पण मध्ये जागाच सोडली नाही! यंत्रानं बाण वाचला: थंडीच्या खान्यात पाच भर. बिचाऱ्यानं भरले. भरता आले म्हणजे अट पुरी झाली असं समजून त्यानं मोटर बंद केली आणि स्वस्थ बसलं. इकडे साहेब भाषेच्या सौंदर्यावर बोलतायत, बोलतायत! कपाट उघडलं, तर स्ट्रॉबेरीचा लोट थेट मोठ्या मालकांच्या पांढऱ्या पँटवर. पोरगी हे सांगत होती आणि माझा चहा नाकातून आला हो!

साहेबांनी वायरी हलवल्या, कपाटाला थापटलं, कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. मुंगी मागच्या खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होती.

"अहो, कुणाला काही कळतंय का?" मालक ओरडले.

ती उठली, पुढं गेली आणि त्या दोन चिन्हांमध्ये जागा सोडली. मोटर गुरगुरायला लागली. मालकांनी एकदा पुस्तिकेवरचं नाव बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं. मग पँट पुसत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. आवाज अगदी खाली. "पुस्तिका नव्यानं छापू. भाषा तुमची, चिन्हही तुमचंच घ्या. फक्त माझं नाव सगळीकडून काढून टाका. हात जोडतो."

तेव्हा आमची मुंगी काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत ऐका:

"सगळीकडून कसं काढू, साहेब? वरती माझं नाव घालतेच. पण शेवटी ‘असं कधीही लिहू नये’ असं एक पान जोडलंय. तिथं तुमचा बाण ठेवलाय मोठ्या अक्षरात, आणि त्याच्याखाली तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट."