मागखात्यात थांबलेली आगगाडी

मी सिनेमाची गोष्ट सांगता सांगता अख्खी गिरणी बंद पाडली. त्याबद्दल कामावरून दुसऱ्याच माणसाला काढलं, आणि मी ते उभ्या उभ्या बघितलं.

तेव्हा मी सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे मागांच्या एका रांगेचा मुकादम. माग बिघडला की मीच दुरुस्त करायचा. रांगेत कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, हेही बहुतेक माझ्याच शब्दावर. वय तिशीचं. सूत तुटू नये म्हणून खात्यात वाफ सोडलेली असे. त्या उकाड्यात बाकी सगळे बोडक्याने काम करत, मी मात्र डोक्याचा रुमाल कधी काढत नसे. जॉबरला तेवढा रुबाब हवा, असं मी सांगायचो.

शेकडो माग एकदम चालले की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आमची भाषा हातांची. कांडीचं सूत संपलं की करंगळी वर. खात्याचे मास्तर आले की मिशीवरून बोट. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की अर्थ एकच: माग फिरवणाऱ्या पट्ट्यात माणूस सापडला, इंजिन थांबवा. ही खूण थट्टेतही करायची नाही. नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी मीच शिकवायचो.

बोलपट अजून आले नव्हते. रविवारी मी मुका सिनेमा बघायचो आणि सोमवारी रांगेला हातांनी सांगायचो. पडद्यावर आवाज नाही, खात्यात ऐकू येत नाही. छान जमायचं.

त्या सोमवारी मी एका पेटीवर चढून हाणामारीचा सिनेमा सांगत होतो. पूल तुटलाय, आगगाडी येतेय, हिरो रुळांवरून धावतोय. रांगेतले सगळे माना वळवून बघताहेत. मी रंगात आलो. गाडी थांबवायला दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

रांगेच्या टोकाला, दाराजवळ, नरसय्या होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तेलुगू घरातला, हाडाचा विणकर. डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यानं नेलेली. त्याने मान वर केली ती नेमकी फुलीवर. धावला आणि इंजिनघराच्या घंटेची दोरी ओढली.

पट्टे फिरवणारा वरचा शाफ्ट थांबला, पट्टे थांबले, माग थांबले. माग हाताने थांबवला तर आडवं सूत नेणारा धोटा बाजूला येऊन बसतो. असा अचानक थांबला की धोटा मधेच अडकतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तोडतो. किती मागांवर ताणे तुटले, देव जाणे. तसली शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. आणि मी पेटीवर, हात अजून डोक्यावर.

विव्हिंग मास्तर धावत आले. "घंटा कोणी ओढली?"

"मी, साहेब," नरसय्या म्हणाला. "खूण झाली की."

"कोणाची?"

"जॉबरची."

मास्तर माझ्याकडे वळले. मी पेटीवरून उतरलो होतो.

"मी वरचा पट्टा बघत होतो, साहेब. हात वर गेला असेल." आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "बोटं गेल्यापासून ह्याला सगळीकडे पट्टाच दिसतो."

"असला घाबरट माणूस मला खात्यात नको," मास्तर म्हणाले. "नरसय्या, उद्यापासून येऊ नको."

नरसय्याने भिंतीवरचा सदरा काढला आणि गेला. फुली रांगेतल्या सगळ्यांनी बघितली होती. एकही बोलला नाही. बोलणार कसा? उद्या त्यालाही मीच घरी पाठवणार.

ताणे जोडून दुपारी माग सुरू झाले. मी सवयीने एकाला करंगळी दाखवली: कांडी हवी का? त्याने धाग्यातून नजर काढली नाही. दुसऱ्याला दाखवली. तोही खाली बघत राहिला. एवढ्या रांगेत माझ्याशी एकही हात बोलेना. तासभर मी उगाच एक पाना हातात घेऊन हिंडलो. मग मास्तरांच्या ऑफिसात गेलो.

"साहेब, खूण मीच केली होती."

"मग पट्ट्यात कोण होतं?"

"कोणी नव्हतं. आगगाडी येत होती."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "करून दाखव."

दोन कारकुनांच्या समोर मी पूल केला, गाडी केली, फुली केली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. खोटं बोलायला मला दोन वाक्यं पुरली होती, खरं सांगायला अख्खा सिनेमा करावा लागला.

"नरसय्याला उद्या घेऊन ये," मास्तर म्हणाले. "आणि तू उद्यापासून त्याच्या शेजारच्या मागावर." जॉबरकी तिथेच संपली.

गिरणी सुटल्यावर नरसय्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. "चुकलो, नरसय्यामामा. उद्या या."

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कंचा सिनेमा म्हणलास?"

मी सांगितलं.

"त्यो व्हय? मी बी बघितलाय की. दोनदा." त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं. "त्यात त्यो हातांची फुली कुटं करतोय? डोक्याचा रुमाल काढून हलवतोय. टक्कल दिसंल म्हणून तू रुमाल काढला न्हाईस, अन् माजी नोकरी घालवलीस."