परत सांगतो, बरोबर?

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. एका माणसाने मला मोक्याच्या दोन वेळा "बरोबर?" असं विचारलं आणि दोन्ही वेळा मी "बरोबर, सर" म्हणालो. दोन्ही वेळा ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला म्हणतानाच माहीत होतं.

"परत सांगतो" हे त्यांचं पालुपद. समोरच्याचं बोलणं संपलं की उजव्या हाताचं बोट जरासं वर करायचे, ऐकलेलं सगळं त्याच क्रमाने म्हणून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "बरोबर?"

ही सवय आमच्या धंद्यातली. विमानतळाच्या मनोऱ्यातून सांगतात, तीन हजार फुटांवर या. वैमानिकाने नुसतं हो म्हणून चालत नाही, तो आकडा परत म्हणावा लागतो. मनोऱ्यातला माणूस ते ऐकतो आणि चुकलं असेल तर तिथेच पकडतो. आम्ही बाकीचे ही सवय टोपीबरोबर काढून ठेवायचो. सर ती घरी घेऊन जायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याचं काम त्याच्या अंगातून उतरतच नाही.

एकदा त्यांच्याबरोबर मंडईत गेलो होतो. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सांगितलेली यादी त्यांनी भाजीवाल्या बाईंना ऐकवली, बाईंनी पिशवीत भरता भरता एकेक जिन्नस मोजून सांगितला, आणि सरांनी बोट वर केलं. "परत सांगतो. गवार पावशेर, मेथी दोन जुड्या, आलं थोडं. बरोबर?"

बाई म्हणाल्या, "सायेब, भाजी घेताय का इमान उतरवताय?"

वहिनी तर सांगायच्या, लग्नात भन्तेजींच्या मागून प्रतिज्ञा म्हणायच्या असतात, त्या यांनी म्हटल्या आणि शेवटी भन्तेजींनाच विचारलं, बरोबर? "सगळा मांडव हसला, भाऊजी. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस दिलेला शब्द विसरणार नाही."

सर खडकीचे. वडील दारूगोळा कारखान्यात होते. कामगारांच्या क्वार्टर्समधून विमानात बसलेला पहिला माणूस म्हणजे सर, आणि बसले ते थेट पुढच्या खुर्चीत. हवाई दलात मालवाहू विमानं चालवली, मग निवृत्त होऊन आमच्या कंपनीत आले. ते दिवस असे होते की खराडीकडे दर महिन्याला नवी काचेची इमारत उभी राहायची, आणि कालपर्यंत एसटीने जाणारी माणसं विमानाचं तिकीट काढायची. आमची कंपनी छोटी. पंख्यांची चार विमानं, बावीस वैमानिक, नांदेड, कोल्हापूर असल्या फेऱ्या. मी त्यांचा को-पायलट. माझं एखादं उतरणं आदळलं, की सर विमान जमिनीवरून पुढे नेता नेता शांतपणे म्हणायचे, "आज धावपट्टीला तू दोनदा भेटलास. एवढी ओळख चांगली नाही."

रागावलेले मी त्यांना एकदाच पाहिलं. ते काही सांगत होते, माझं लक्ष वर्तमानपत्रात होतं, आणि त्यांनी विचारल्यावर मी वर न बघताच "बरोबर" म्हणालो. त्यांनी पेपर माझ्या हातातून काढून घडी घातली. "न ऐकता बरोबर म्हणालास. अरे, परत सांगणारा चुकू शकतो, म्हणूनच तर तो सांगतो. तो ज्याच्या भरवशावर सांगतो तो तू."

त्यांना एकच भीती होती. रक्तातली साखर. आम्हा लोकांचं दर सहा महिन्यांनी मेडिकल होतं आणि त्यात नापास झाला तो दुसऱ्या दिवसापासून वैमानिक नसतो. मेडिकलच्या आधी महिनाभर सर भाकरी आणि मेथीवर राहायचे आणि पहाटे होळकर पुलापर्यंत चालून यायचे. चेष्टा करायचे, पण त्या महिन्यात चेहरा उतरलेला असायचा. मुलगी शिकत होती. घर त्यांच्या एकट्यावर होतं.

त्या वर्षी आमच्या संघटनेचा कंपनीशी असलेला करार संपत आला होता. मी संघटनेचा चिटणीस. सगळ्यांत धाकटा आणि इंग्रजी बरं, म्हणून माझ्या गळ्यात पडलेलं काम. कंपनीने नव्या कराराचा देकार लिफाफ्यात घालून माझ्याकडे पाठवला. चार पानं आणि मागे एक पुरवणी.

ते मी घरी वाचलं. पगार थोडा वाढत होता. बाहेरगावच्या मुक्कामांना मर्यादा येत होती. को-पायलट लोकांचा बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचं बंधन, मात्र आणखी तीन वर्षं पुढे जात होता. आणि पुरवणीत लिहिलं होतं, मेडिकलमध्ये नापास होणाऱ्या कॅप्टनला कंपनी काढणार नाही, प्रशिक्षण विभागात जमिनीवरचं काम देईल.

मला आखातातल्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. जुना करार नवा न होता संपला, तर माझा बाँडही त्याबरोबर संपणार होता. नवा झाला तर मी आणखी तीन वर्षं नांदेड-कोल्हापूर करणार होतो. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी वर्षानुवर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही.

विमाननगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सभा झाली. मी चार पानं वाचून दाखवली. पुरवणी वाचली नाही. "बाकी नेहमीचंच आहे," असं पुटपुटलो, पण तोवर हॉलमध्ये कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

"मुक्काम महिन्याला आठ? म्हणजे आठ दिवस बायको ओळखणार नाही, एवढंच ना?"

"अरे, माझा भाऊ हिंजवडीत कोड लिहितो. शनिवार-रविवार सुट्टी, कंपनीची गाडी दारात. आणि मी विमान चालवतो, पण विमानतळावर रिक्षाने जातो!"

"मग तूही लिही कोड. तुझी उतरणं बघता देशाचं भलंच होईल."

"बाँडवर बोला, बाँडवर. आम्ही काय गहाण पडलोय?"

"आहे ते घ्या रे. कंपनीकडे इंधनाला पैसे नाहीत, तुम्ही गाडी मागताय."

अर्धे हो म्हणत होते, अर्धे नाही. सगळे अधूनमधून सरांकडे बघत होते, कारण सर हात वर करतील तिकडे बरेच हात जाणार होते. सर त्या गोंधळातून उठून माझ्या टेबलाशी आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "परत सांगतो. पगार थोडा वाढतोय. मुक्काम आठ. पोरांचा बाँड तीन वर्षं. आणि मेडिकल गेलं तर माणूस घरी, त्याबद्दल कागदात काही नाही. बरोबर?"

पुरवणी माझ्या हाताखाली होती. हात उचलला असता तरी पुरलं असतं.

"बरोबर, सर," मी म्हणालो.

"मग पोरांना कशाला अडकवायचं," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन त्यांनी नकाराला हात वर केला. देकार फेटाळला गेला. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, "देकार पुरवणीसह वाचून दाखवण्यात आला."

कंपनीने तो मागे घेतला आणि दुसरा दिलाच नाही. करार संपला, माझा बाँड संपला, मी राजीनामा दिला. माझे शेवटचे दिवस चालू असताना सरांचं मेडिकल झालं. साखर. आठवड्याभरात त्यांना कंपनीचं पत्र मिळालं. पत्र देताना कचेरीतली बाई हळहळून म्हणाली, "सर, तो देकार घेतला असतात तर तुम्हाला प्रशिक्षणात बसवलं असतं. पुरवणीत होतं ना."

ते तिथून सरळ माझ्या कोथरूडच्या घरी आले. मी पुस्तकं खोक्यात भरत होतो. त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

"पुरवणीत होतं म्हणे," ते म्हणाले. "मी तुझ्या टेबलाशी आलो होतो. मेडिकलचं विचारलं होतं. विचारलं होतं ना?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. ते मला खरोखरच विचारत होते.

"नाही, सर," मी म्हणालो. "तुम्ही बाँडचं विचारलंत. पुरवणी मी वाचली होती. गोंधळ फार होता."

"वहीत आहे?"

मी वही दाखवली. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग सवयीने तेच बोट जरा वर झालं.

"परत सांगतो. तू वाचलंस. मी ऐकलं नाही. बरोबर?"

"बरोबर, सर."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या नव्या नोकरीसाठी मला शुभेच्छा दिल्या.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत कळलं. ते सभेला असलेल्या एकेकाला भेटून माफी मागत फिरले. "मी नीट ऐकलं नाही आणि हात वर केला, माझ्यामागे तुम्ही केलात." त्यांना कोण काय सांगणार? त्या गोंधळात काय वाचलं गेलं, हे कुणालाच छातीठोकपणे आठवत नव्हतं. मग त्यांनी कॅम्पात जाऊन कान तपासून घेतले. कान उत्तम निघाले. दुसरीकडे तपासले, तिथेही उत्तम. वहिनी म्हणाल्या, दुसरा रिपोर्ट हातात आला तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. कान चांगले आहेत, म्हणजे डोकं बिघडलंय, असा त्यांनी अर्थ लावला.

कल्याणीनगरच्या एका कॉल सेंटरमध्ये त्यांना मुलांना शिकवायचं काम मिळालं होतं. ग्राहक बोलला की त्याचं म्हणणं परत म्हणून दाखवायचं, हेच तिथे शिकवतात. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस पुण्यात दुसरा नसेल. तीन महिने टिकले. वर्गात मध्येच थांबून मुलांनाच विचारायचे, "हे मी आत्ता सांगितलं का? नक्की सांगितलं का?" मुलं आधी हसली, मग त्यांनी तक्रार केली.

तीन वर्षांनी ते गेले. हृदय बंद पडलं. मी तेव्हा परदेशात होतो. सुट्टीवर आलो तेव्हा खडकीला गेलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी सरांचा गणवेशातला फोटो लावलेला होता. वहिनींनी चहा केला.

"शेवटी शेवटी दही आणायला जातानासुद्धा चिठ्ठी न्यायचे," त्या म्हणाल्या. "बोट वर करणं बंदच झालं. मी म्हणायचे, अहो, परत सांगा की, मला सवय आहे त्याची. तर म्हणायचे, नको, मला जे ऐकू येतं त्याचा भरवसा नाही. तुमच्यावर मात्र त्यांचा राग नव्हता, भाऊजी. म्हणायचे, त्याने वाचलं होतं बिचाऱ्याने."

मी चहाकडे बघत होतो.

"मला एक सांगाल?" त्यांनी विचारलं. "तुम्ही रोज त्यांच्या शेजारी बसायचात. खरंच ऐकू येत नव्हतं का हो त्यांना? का मीच कधी लक्ष दिलं नाही?"

म्हणजे आता त्याही स्वतःला तपासत होत्या. माझं वाक्य जिभेवर आलं होतं. दारात शेजारचे कुणी "जय भीम, ताई" म्हणत आले, आणि मी त्या आवाजाचा आधार घेऊन उठलो. जाताना म्हणालो, "वय होतं, वहिनी." ते गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते.

आज मी त्या वयाच्या जवळ आलो आहे, पुण्यात परत आलो आहे. माझ्या शेजारी तरुण को-पायलट बसतात आणि मी सांगितलेलं परत म्हणून दाखवतात. वहिनी अजून खडकीतच आहेत. माझ्या घरापासून अर्ध्या तासाचा रस्ता आहे. हे इथे लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं.

सरांचे कान चांगले होते. डोकंही चांगलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. हे वहिनींच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघून सांगणं हे मी त्यांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.