वॉटर हीटरमागची वास्तू

मालिनीकाकू आठल्ये यांच्या घरात कधी काही संपत नसे. तांदूळ ‘आणायला झालेले’ असत, दिवा ‘शांत’ होई, बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ जाई. एका फेब्रुवारीत त्यांची घर तापवणारी फर्नेस बंद पडली. मी अंगात कोट घालून त्यांच्या सोफ्यावर कुडकुडत होते आणि काकू दुरुस्तीवाल्याला फोनवर अगदी संथपणे सांगत होत्या, "अवर फर्नेस इज टेकिंग रेस्ट." तो म्हणाला, मग घेऊ दे की, मी सोमवारी येतो.

"काकू, बंद पडली म्हणा ना सरळ!" मी वैतागले.

"घरात बसून म्हणू?" काकूंनी डोळे मोठे केले. "वास्तू तथास्तु म्हणत असते, गिरिजा."

घरात आपण जे बोलू त्याला घर ‘तसंच होवो’ म्हणतं, म्हणून घरात वाईट बोलू नये, हे मीही लहानपणी नागपुरात ऐकलं होतं आणि शाळेच्या दप्तराबरोबर सोडूनही दिलं होतं. काकूंनी ते जपून इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आणलं होतं. त्यांचं घर माझ्या घरासमोरच. सत्तरच्या दशकात एका आयरिश जोडप्याकडून घेतलेलं, लाकडी, पांढऱ्या रंगाचं. वास्तुशांत केली तेव्हा भटजी म्हणून शेजारच्या वूस्टर शहरात शिकणारा एक इंजिनिअर मुलगा आला होता. होमाच्या धुराने अलार्म कोकलला, शेजारी धावत आले, त्यांनाही शिरा मिळाला. वास्तुप्रतिमा पुरायची आग्नेय कोपऱ्यात. तो कोपरा तळघरात आला, आणि पुढे तिथेच वॉटर हीटर बसला. तेव्हापासून आठल्यांची वास्तू वॉटर हीटरच्या मागे असते.

"त्या घरघराटात तिला काय ऐकू येणार?" मी चिडवायची. "आणि घर आयरिश लोकांचं. तिला तथास्तु म्हणता तरी येतं का?"

"इतकी वर्षं माझं मराठी ऐकतेय. शिकली असेल."

त्र्यंबककाका अशा वेळी खिडकीतून बाहेर बघत हसायचे. काका वूस्टरच्या एका कारखान्यात धार लावायची चाकं बनवत, तिथूनच निवृत्त झाले. पण माणूस मूळचा तंद्रीतला. मेपलचं एखादं पान फांदीवरून सुटलं की ते जमिनीवर टेकेपर्यंत काकांचा घास हातातच राहायचा. दुपारी दोघं क्विन्सिगॅमंड तळ्याच्या काठी बसत. काका पाण्याकडे बघत, काकू काकांकडे. त्यांना मूलबाळ नव्हतं. तळ्यावर धुकं असलं की दोघं लांबून अर्धवट पुसलेल्या चित्रासारखी दिसायची, आणि मला गाडीचा हॉर्न वाजवून त्यांना हात करायचीही लाज वाटायची.

नव्या औषधविम्याची गोष्ट निघाली ती २००६ च्या वसंतात. मेडिकेअर या सरकारी योजनेने म्हाताऱ्यांसाठी औषधांचा विमा नुकताच सुरू केला होता. पहिल्या खेपेला नाव नोंदवायची मुदत पंधरा मेपर्यंत. ती चुकली की दार बंद, ते थेट पंधरा नोव्हेंबरला उघडणार आणि विमा जानेवारीपासून लागू होणार. कंपन्या ढीगभर, आणि प्रत्येकीची औषधांची यादी निराळी. आपली औषधं सांगायची, ती ज्या प्लॅनमध्ये बसतील तो घ्यायचा, आणि एकदा घेतला की तो पुढच्या नोंदणीपर्यंत गळ्यात.

आमच्याकडच्या ज्येष्ठांना याची काय फिकीर! त्यांची औषधं बॅगेतून येत. पुण्याहून, मुंबईहून कुणी निघालं की भडंगाच्या आणि लोणच्याच्या मध्ये कुणाच्या तरी बीपीच्या गोळ्या असायच्याच. काकाही तसलेच. ब्लडप्रेशर आणि डायबेटिस, दोन्ही आजार बॅगेवर चाललेले. म्हणून काकू एकाएकी "मला तो विमा काढून दे" म्हणाल्या तेव्हा मला नवल वाटलं. पण विचारलं नाही. मुदत दोन दिवसांवर आली होती.

स्वयंपाकघरातल्या फोनवरून आम्ही विम्याचा नंबर फिरवला. स्पीकर चालू होता. पलीकडे तेच ते पियानोचं संगीत कितीतरी वेळ वाजत राहिलं. काका टेबलापाशी येऊन बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले, जणू मैफलीलाच आलेत. दारात उन्हाचा तुकडा पडला होता, तो हळूहळू त्यांच्या पायांवर चढला. शेवटी एक मुलगी बोलली. तिने काकांची औषधं विचारली. काकूंनी डायबेटिसची सांगितली, बीपीची सांगितली.

"एनी अदर मेडिसिन?"

मी काकूंकडे बघितलं. त्या काकांकडे बघत होत्या, आणि मग त्यांची नजर खाली जमिनीकडे गेली.

"नो," काकू म्हणाल्या. "नो मोर."

जुलैत एका दुपारी मी लॅबमधून लवकर घरी आले, तर माझ्या स्वयंपाकघरात काका बसले होते. मागचं दार उघडं राहिलं होतं. ते अगदी निवांत होते. मला म्हणाले, "बसा ना. चहा ठेवायला सांगतो. ही कुठे गेलीय कोण जाणे."

मी चहा केला. घर त्यांचं होतं आणि मी पाहुणी, असाच आम्ही तो प्यायलो. खिडकीबाहेर उकाड्याने झाडं पेंगत होती. काका म्हणाले, "आमच्याकडे संध्याकाळी छान वारा येतो."

मी त्यांना समोर काकूंकडे पोचवलं. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मला ग्रोसरीला ने." गाडी रूट नाइनच्या हमरस्त्याला लागली. मग म्हणाल्या, "गिरिजा, गाडी म्हणजे काही वास्तू नव्हे ना?"

"नाही काकू. टोयोटा आहे."

तेव्हा त्या बोलल्या. काका विसरायला लागले होते. डॉक्टरांनी वर्षाच्या सुरुवातीला एक गोळी दिली होती, नमुन्याची पाकिटं. गोळी आजार बरा करत नाही, पण उतार जरा सावकाश करते. त्या गोळ्यांवर काका पुष्कळ बरे होते. पाकिटं थांबली तशी काकूंनी एक बाटली विकत आणली, महागडी. आता त्या गोळीचे दोन तुकडे करून एकेक देत होत्या. विमा हवा होता तो त्या गोळीसाठी. आणि फोनवर नेमकं तिचंच नाव काकूंनी घेतलं नव्हतं.

"अहो पण का?" मी ओरडलेच. "ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच नाही सांगितलं?"

"ती मुलगी विचारणार, कशासाठी घेता. मग मला घरात बसून म्हणावं लागलं असतं, की हे विसरतात." काकूंचा आवाज बारीक झाला. "आणि घर म्हणालं असतं, तथास्तु."

मला खूप राग आला. काकूंचा, त्या पियानोचा, वर्षातून एकदा उघडणाऱ्या त्या दाराचा. मी म्हटलं, भारतातून मागवू. त्या म्हणाल्या, बॅग आणणाऱ्याला गोळीचं नाव कळलं की गावभर दवंडी. मी म्हटलं, मी आणते विकत. त्या म्हणाल्या, औषध आणि कुंकू दुसऱ्याच्या पैशाचं घेऊ नये. हा नियम त्यांनी त्याच क्षणी तयार केला असावा. शेवटी मी गाडी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये लावली, पण आम्ही उतरलो नाही.

"मला सगळं चालेल गं," काकू म्हणाल्या. "चष्मा विसरू दे, घर विसरू दे. मला विसरू नये. आणि मेलं कळणार तरी कसं? जन्मात कधी माझं नाव घेतलं नाही त्यांनी. अगं, ऐकलंस का, एवढंच. त्यांना माझं नाव आठवतंय की गेलं, मला कोण सांगेल?"

मग सगळा उन्हाळा आणि पानगळ आम्ही नोव्हेंबरची वाट पाहिली. आठवड्यातून एकदा काकू माझ्या गाडीत बसत आणि त्या आठवड्यात काय काय गेलं ते सांगत. परतताना आपल्या ड्राइव्हवेत उतरल्या की पदर सावरून म्हणत, "आमचं छान चाललंय हो." ऑक्टोबरात झाडं पेटल्यासारखी लाल झाली. काका अंगणात उभे राहून वर बघत आणि पानं त्यांच्या खांद्यांवर, टोपीवर येऊन बसत. ते ती झटकत नसत. त्यांच्याकडे पाहिलं की विसरणं ही काही वाईट गोष्ट नाही असं क्षणभर वाटायचं, आणि मग दारात उभ्या काकू दिसायच्या.

त्याच सुमारास काकांना एक नवीन सवय लागली. दिवेलागणीला ते घरभर हिंडत. प्रत्येक दाराशी थांबून चौकटीवर तळहात ठेवत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मग पुढचं दार. तळघराचा जिनाही उतरत, वॉटर हीटरपाशी थोडा वेळ उभे राहत, आणि वर येत. "हे आता वाढलंय," काकू गाडीत म्हणाल्या आणि रडल्या. मलाही तसंच वाटलं.

पंधरा नोव्हेंबरला पाऊस होता, थंड, बारीक, थांबायचं नाव न घेणारा. मी बेत ठरवला होता की फोन माझ्या गाडीतून करायचा. पण काका खुर्चीतून उठेनात. आणि विमा त्यांच्या नावाचा, त्यामुळे त्यांनी स्वतः फोनवर होकार द्यायलाच हवा होता. काकूंनी एकदा बाहेरच्या पावसाकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे.

"लाव इथूनच," त्या म्हणाल्या.

पुन्हा तोच पियानो. काकांनी डोळे मिटले. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि त्या संगीताबरोबर सगळं घरच तळ्यात हळूहळू तरंगत चाललंय असं वाटत होतं. मग एक पुरुषाचा आवाज आला. त्याने औषधं विचारली. काकूंनी दोन सांगितली.

"एनीथिंग एल्स, मॅम?"

काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. गोळीचं नाव घेतलं, एकेक अक्षर सुटं करून. आणि त्याने काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "माय हजबंड इज फर्गेटिंग. ही इज फर्गेटिंग एव्हरीथिंग."

त्याने फक्त एवढंच म्हटलं, "ओके, मॅम." मे महिन्यातही कुणी काही विचारलं नसतं. तळघरात वॉटर हीटर खाडकन सुरू झाला आणि काकू दचकल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपण आपल्या हातांनी काहीतरी करून बसलो, असा तो चेहरा होता.

मग त्या माणसाने काकांशी बोलायचं आहे म्हटलं. काकांनी आपलं नाव सांगितलं. जन्मतारीख विचारली, तर नुसतेच हसले. त्याने थोडं थांबून विचारलं, "सर, तुमच्या वतीने बोलायला तुम्ही कुणाला परवानगी देता? मला त्या व्यक्तीचं नाव सांगा."

काकूंनी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "सॉरी मॅम, त्यांनीच सांगायला हवं."

काका बघत राहिले. काकूंकडे, मग काचेवरच्या पाण्याकडे. मी मनात नाव घोकत होते, म्हणजे ते हवेतून त्यांच्यापर्यंत पोचेल असल्या वेड्या आशेने. काका उठले. काकूंना वाटलं, निघाले आता घरभर. ते स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले, चौकटीवर तळहात ठेवला आणि फोनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"मालिनी. मालिनी आठल्ये. माय वाइफ."

काकूंनी टेबलाची कड सोडली. फोनवरचा माणूस पुढचं काही विचारत होता, त्याला मीच उत्तरं दिली. गोळी त्या यादीत होती. जानेवारीपासून मिळणार होती. फोन ठेवला तरी काका तसेच दारात उभे होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "आठवलं तुम्हाला?"

"आठवायचं काय त्यात?" काका म्हणाले. "रोज सांगून ठेवतो ना. बाकीचं सगळं गेलं तर जाऊ दे, मालिनीचं नाव माझ्यापाशी राहू दे. सगळ्या खोल्यांत सांगतो. खाली जाऊनही सांगतो." मग थोडं ओशाळून म्हणाले, "तूच म्हणतेस ना, ती ऐकते."

काकू उठल्या. काकांच्या हातावर हात ठेवून त्याच चौकटीला म्हणाल्या, "ऐकलंस ना गं बाई?"

वॉटर हीटर थांबला होता. वास्तूचं मला खरंच काही माहीत नाही. पण त्या वेळी कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मीच म्हणाले.

"तथास्तु."