नाव गळत होती आणि आत्या उठत नव्हती

आमच्या ताईचं लग्न आत्याच्या गुडघ्यांमुळे मोडता मोडता राहिलं. त्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

आम्ही माजलगावच्या धरणाकाठचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, धरणात मासे धरतात. त्यांच्याकडे डिझेल इंजिनाची एक जुनी नाव आहे. ताईला बघायला येणारे पाहुणे पाण्यापलीकडच्या गावचे. सडकेनं यायचं तर केवढा वळसा! आप्पा म्हणाले, "पाव्हण्यांला नावंतूनच आणू. शान राहती." स्थळ ताईला मनापासून पसंत होतं. निघताना तिनं मला दारामागे गाठलं. म्हणाली, "नित्या, तू कायबी बोलू नको. नुस्ता हसत बस." (मी ऐकायला हवं होतं.)

नावेत आम्ही तिघं. आप्पा, मी आणि ठेवणीतलं पातळ नेसलेली आत्या, कारण पाहुण्यांना सामोरं जायला बाईमाणूस पाहिजे. आमच्या नावेच्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथून बुडातून बाहेर जातो, तिथं पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीस लावलेली दोरी ठासून वर मोठा नट आवळलेला असतो. तिथून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. आप्पांनी आवळायला पाना घेतला.

आता मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला, घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. वर्गात मी हात वर करत नाही. पण घरी माझ्या शब्दाला फार वजन आहे.

"आप्पा, थोडं ठिबकायलाच पाहिजे. न्हाई तर दांडा तापतो."

"गळती चांगली म्हंतूस?"

"पुस्तकात तसंच आहे."

पुस्तकापुढे आप्पा कधीच बोलत नाहीत. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "मग तूच बघ बाबा."

मी बघितलं. थेंब मला जरा कमी वाटले, म्हणून नट किंचित सैल केला. (किंचित म्हणजे किती, हे पुस्तकात नव्हतं.) थेंबांची धार झाली! घाईघाईनं उलटं आवळायला गेलो, तर पाना निसटून तळाच्या पाण्यात पडला आणि तेवढ्यात समोर काठ आला. काठावर मुलाचे वडील, आई आणि खुद्द मुलगा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटमध्ये!

"आता रं?" आप्पा म्हणाले.

आत्या उठली, बरोबर त्या जागेवरच्या फळीवर जाऊन बसली आणि निऱ्या पसरल्या. धार, नट, पाना, सगळं पातळाखाली गडप!

पाहुणे चढले. मुलाची आई पदर सावरत आत्यासमोर उभी राहिली. आमच्याकडे सोयरिकीची बाई आली की उठून भेटायचं असतं. आत्या बसूनच म्हणाली, "या, या."

मुलाच्या आईनं नवऱ्याच्या कानात, पण सगळ्या धरणाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "बसल्या जाग्यावरूनच या म्हंत्यात. लई मोठं घर दिसतंय!"

इथं मी हसत बसायचं होतं. मी म्हणालो, "आत्याला गुडघ्याचं हाय!"

"आगं बया! कवापासनं?"

"लहानपणापासून." (मला थांबताच येईना!)

मुलाचे वडील पुढे सरकले. "लहानपणापासनं? मंजी घराण्यातच हाय का? पोरीला बी हाय का?"

माझ्या डोळ्यांसमोर दारात वाट बघणारी ताई आली. आप्पा मागून ओरडले, "छ्या! आमची पोरगी झाडावर चढती!"

"झाडावर? कावून?" मुलाची आई घाबरली.

"नित्या," आत्या दात न उघडता मला म्हणाली, "घोटं बुडालं."

तेवढ्यात मुलाची आई आत्याच्या पायाशी बसली. मनानं चांगली बाई. "द्या पाय इकडं, मी चोळून देते. माझ्या हाताला गुण हाय." आणि तिनं निऱ्यांखाली हात घातला. हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

"हे पाणी कुठलं?"

"धरणाचं," मी म्हणालो. मग सगळंच सांगून टाकलं. गुडघे चांगले आहेत, नाव गळतीय, नट मी सैल केला, ताईला काहीही झालेलं नाही.

"पोरगी धडधाकट हाय, मी बी धडधाकट हाय!" म्हणत आत्या ताडकन उठली, आणि पुरावा म्हणून भर धरणात उठाबशा काढू लागली! नाव अशी डोलली की मुलाच्या आईनं आप्पांनाच मिठी मारली.

मुलाचे वडील वाकून त्या धारेकडे बघत राहिले. मग पोट धरून हसायला लागले. "अहो, आमच्या उसाच्या पंपाला बी असाच थेंब असतो. थेंब न्हाई पडला तर पंप जळतो."

"म्हणजे माझं बरोबर होतं!"

"बरोबरच व्हतं लेका! पण थेंब म्हंजे थेंब. ह्यो तर पाट सोडलास तू!"

मुलानं पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात चाचपून पाना काढला आणि माझ्या हातात दिला. मी हळूहळू आवळलं. धारेचे परत थेंब झाले. तो डब्यानं पाणी उपसत राहिला. मध्येच हळूच म्हणाला, "तुमची ताई खरंच झाडावर चढती?"

"लहानपणी चढायची. चिंचेच्या."

"बरंय," तो म्हणाला, आणि कान लाल करून अजून जोरात उपसू लागला. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

घरी पोहे झाले, चहा झाला. ताई खाली बघून ग्रीसनं बरबटलेल्या पँटला हसत होती. मुलाच्या आईनं ओला पदर पिळला आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे पोरगं काय शिकतंय?"

"विंजिनेरिंग!" आप्पांची छाती फुगली.

"आन् पोरगी?"

"बारावी झाली. शिवणकाम करती."

"मंजी हे विंजिनेरिंग न्हाई ना शिकलेली?"

"न्हाई, न्हाई!"

मुलाच्या आईनं देवघराकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "मग ठेवा साखरपुडा!"