वळसा घालून येणारी नस

अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या भागात घोड्याला काही झालं की लोक रोवेना टॅकेटला बोलावत. जनावरांची डॉक्टर म्हणून तिच्या हाताला यश होतं. रविवारी चर्चमध्ये मोठ्या मुलांचा वर्गही तीच घेई. दर वसंतात घोड्याच्या पायाची हाडं टेबलावर मांडून ती विचारी, "असा पाय आपोआप होतो का? घडवणारा असल्याशिवाय?" तिचा थोरला भाऊ व्हर्नन तिथला पाद्री. त्याला हा तास फार आवडे.

त्या वर्षी तिची स्वतःची घोडी दौडताना करवतीसारखा आवाज करू लागली. घशाची डावी बाजू लुळी पडली होती. ऑपरेशन करतानाच घोडी गेली. रोवेनानं तिला उघडलं आणि घशाची डावी बाजू हलवणारी, कॉलेजात नुसती पाठ केलेली नस बोट फिरवत शोधली. डोक्यातून निघालेली नस घशाला बगल देऊन थेट छातीत उतरत होती, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालून तीच मान पुन्हा चढत घशाशी येत होती. एवढी लांब, म्हणूनच उजवीकडच्या नसेआधी ती मरते. माशांमध्ये ही वाट सरळ होती, माशांपासून पुढे झालेल्या जनावरांची मान लांबत गेली तशी नस ताणली गेली, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

त्यानंतर तिचं चित्त ठिकाणावर राहीना. ताटावरून मध्येच उठे, झाडलेला तबेला पुन्हा झाडे. शेवटी तिनं व्हर्ननला विचारलं, घडवणाऱ्यानं नस अशी लांबून का नेली?

"आपल्याला कळत नाही म्हणून कारणच नाही, असं थोडंच आहे?" तो म्हणाला. "घोडी गेली म्हणून तू असं बोलतेस."

"घोडी गेली म्हणून मी बघितलं. दुःख वेगळं."

"मुलांपुढे पायाचंच बोल. घशात शिरू नकोस."

ती पायाचं बोलली, पण तिथं थांबणं तिला जमलं नाही. नसेचंही सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मग देव चुकला का?"

"मला माहीत नाही," रोवेना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या मंडळींनी गोड शब्दांत तिला वर्गापासून विश्रांती घ्यायला सांगितलं. व्हर्नन त्या बैठकीत गप्प बसला. ती चर्चला जात राहिली, पण शेवटच्या बाकावर, आणि भजन संपायच्या आत बाहेर.

पानगळीत एका सकाळी व्हर्नन दवाखान्यात आला. मृत जन्मलेलं एक शिंगरू तिथं होतं.

"दाखव मला," बाह्या सारत तो म्हणाला.

तिनं शिंगराची मान आणि छाती उघडली आणि व्हर्ननचं बोट धरून नसेवर ठेवलं. ते बोट घशापासून छातीपर्यंत गेलं, वळलं, परत वर आलं. मग तो बराच वेळ हात धूत राहिला.

"कारण असणारच," तो म्हणाला. व्यासपीठावरचा आवाज नव्हता तो.

"असेल. मला सापडत नाही."

"वर्ग परत मागू तुझ्यासाठी? त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"मागशील. पण मी तिथं सांगू काय?"

इतक्यात पोट दुखणाऱ्या घोड्यासाठी फोन आला. तिनं बॅग उचलली, आणि न बोलावता तोही तिच्या गाडीत बसला. पहिला फाटा येईपर्यंत दोघांचा वाद पुन्हा जुंपला होता.